शिवणीजवळचा अर्धा इंच

मित्रांनो, मी एक जुनी टाचणवही आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगायची असते हे मला ठाऊक आहे. आज मला ते जमणार नाही. माझी शिवण कापली गेली आहे. कापू देणारा माणूस चांगला शिकलेला आहे, आणि जो तो मला समजावतो आहे की त्याचा हेतू चांगला होता.

टाचणवही तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलीही नसेल. शिक्षक उद्या वर्गात काय शिकवणार हे आज जिच्यात लिहून ठेवतात, ती मी. माझा जन्म सांगलीतल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला, साल १९७०. अध्यापिका विद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या अरुणा नावाच्या वीस वर्षांच्या मुलीने दोन दस्ते फुलस्केप कागद आणून दिला. बाइंडरने तावांच्या घड्या घातल्या, जाड दोऱ्याने मला शिवले, खळ लावून पुठ्ठा चिकटवला आणि पाठीवर निळे कापड चढवले. मजबूत होते मी. पन्नास वर्षांत माझे एक पान निसटले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

विद्यालयाचा नियम होता. उजव्या पानावर पाठ लिहायचा: घटक, उद्दिष्टे, लागणारे साहित्य, फळ्यावर काय लिहायचे, गृहपाठ. डावे पान चित्रांसाठी आणि तक्त्यांसाठी कोरे सोडायचे. अरुणाला चित्र काढता येत नसे. तिने काढलेली गाय बाजेसारखी दिसे. म्हणून ती डाव्या पानावर, शेजारच्या पाठाला लागेल अशी स्वतःची कविता लिहू लागली. पाठ पाहायला आलेल्या बाईंनी तांबड्या शाईत शेरा मारला, 'आवाज स्पष्ट. पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊ नये.' अरुणाने पहिले वाक्य मैत्रिणींना दाखवले. दुसऱ्याकडे तिने साफ दुर्लक्ष केले, आणि त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

पुढे तिला आटपाडीजवळच्या एका वस्तीवर नोकरी लागली. एक शिक्षिका, एक खोली, चार वर्ग. मेंढपाळांची पोरे. तिथे माझे खरे आयुष्य सुरू झाले. अरुणाबाई कविता वाचून दाखवत आणि पोरे त्या कवितेची सालटी काढत. 'काळे ढग धावती नभी' ही ओळ बाईंनी वाचली, तेव्हा तान्हू नावाचा दुसरीतला मुलगा उठून म्हणाला, "बाई, ढग सोता न्हाई पळत. त्येला वारा हाकतुया." अरुणाबाईंनी ओळ खोडली आणि लिहिले, 'वारा हाकी ढगांची मेंढरं'. मग पेन्सिलला टोक करून, दोन पानांच्या मध्ये शिवणीजवळ जी अर्ध्या इंचाची पट्टी उरते तिथे, बारीक अक्षरात नोंद केली: तान्हू, दुसरी, त्याचे वाक्य, तारीख.

असे प्रत्येक कवितेशी होत गेले. कोणाला कुठला शब्द कळला नाही, कोण उगीच हसले, कोणी नवा शब्द दिला, हे सगळे त्या पट्टीत. उजवीकडे पाठ, डावीकडे कविता, मध्ये पोरे. माझ्या अंगावरची सर्वांत चिंचोळी जागा ती, पण माझा जीव तिथे होता.

दोन वर्षांत मी भरले. नवी वही आली, मी ट्रंकेत गेले. अरुणाबाईंनी पुढे चौतीस वर्षे शिकवले. त्या निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि मुलगा सारंग त्यांना सिंगापूरला घेऊन आला. इथे यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक खोली असते, तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. बॉम्ब पडले तर माणसांनी तिथे लपावे. बॉम्ब पडत नाहीत, म्हणून तिथे सुटकेसा, जुना पंखा आणि गणपतीचे मखर असते. बारा वर्षे मी त्या सामानाबरोबर होते. तक्रार केली नाही. वर्षातून एकदा अरुणाबाई मला बाहेर काढत, फडक्याने पुसत, दोन पाने वाचत आणि परत ठेवत. मला तेवढे पुरे होते.

मग या वर्षी सारंगच्या मोबाइलवर एक निरोप आला. इथल्या एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात दोन नवे संग्रह होणार होते. एक खेड्यापाड्यांतल्या कवींचा, दुसरा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. घरात काही जुने कागद असतील तर कळवा, असे त्यात होते. सारंग रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत काम करतो. लोकांनी भरलेले फॉर्म नीट भरले आहेत की नाही हे तो दिवसभर तपासतो. त्याने मला शेल्टरमधून काढले, चाळले आणि जवळजवळ ओरडलाच, "अरे, आई तर कवयित्री आहे!"

सत्तेचाळीस वर्षांचा आहे हो तो. सत्तेचाळीस वर्षे त्या बाईच्या हातचे जेवतो आहे.

त्यात आईची पंचाहत्तरी आली होती. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. पंचाहत्तरीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचे, आणि लिहिण्याचा नाद असेल तर पुस्तक काढायचे. तेही गुपचूप, म्हणजे उत्सवमूर्तीच्या डोळ्यांत सगळ्यांसमोर पाणी येते. सारंगने ठरवले, आईच्या कवितांचे पुस्तक छापायचे, मूळ वही विद्यापीठाला द्यायची, आणि कार्यक्रम होईपर्यंत आईला पत्ता लागू द्यायचा नाही. फॉर्मवर त्याने 'ग्रामीण कवी' या चौकोनात खूण केली. 'शिक्षक प्रशिक्षण' कोरे ठेवले.

एका शनिवारी तो मला सेरंगून भागातल्या एका छपाईच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, पाने सुटी असतील तर यंत्रात भराभर जातील. "कट फर्स्ट, फास्टर."

"ओके, गो अहेड," सारंग म्हणाला. तो तेव्हा मोबाइलवर केक बघत होता.

मोठ्या पात्याखाली मला ठेवले. एकदा दाबले. निळे कापड, दोरा आणि शिवणीजवळचा अर्धा इंच एका बाजूला पडला. दुकानदाराने तो हाताने झाडून डब्यात टाकला. मित्रांनो, माझे तोंड नाही म्हणून मी ओरडले नाही. तुम्ही तिथे असता तर ओरडला असता की नाही, हे मला सांगू नका. तुम्हीही बहुतेक मोबाइलच बघत असता.

कार्यक्रम फ्लॅटच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर झाला. दिवे लावले, ओवाळणे झाले, श्रीखंड वाढले. पुस्तकाचे प्रकाशन झाले. पाहुण्यांपैकी एका गृहस्थांनी उभे राहून ती ओळ म्हणून दाखवली, 'वारा हाकी ढगांची मेंढरं', आणि म्हणाले, "काय प्रतिभा आहे अरुणाताईंची! अस्सल मातीतली!" टाळ्या पडल्या.

"ही ओळ माझी नाही," अरुणाबाई म्हणाल्या. "तान्हूची आहे. वही कुठे आहे? वहीत लिहिलंय मी."

सारंगने हसत, माझी सुटी पाने ठेवलेली पेटी पुढे केली. अभिलेखागाराच्या मिस लिम मला स्वीकारायला आल्या होत्या, त्याही जवळ सरकल्या. अरुणाबाईंनी वरचे पान उचलले. दुसरे उचलले. मग त्या पानांच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"शिवणीजवळचं कुठंय?"

"आई, एकही कविता हरवलेली नाही. सगळं पीडीएफमध्ये आहे."

"आजी, इट्स जस्ट द मार्जिन, ला," नात क्षिप्रा इथल्या इंग्रजीच्या हेलात म्हणाली. चौदा वर्षांची आहे ती. तिच्यावर माझा राग नाही, तिला कोणी काही सांगितलेच नव्हते.

"कविता नाही रे हरवल्या," अरुणाबाई म्हणाल्या. "पोरं हरवली माझी."

मिस लिमना मराठी येत नाही, पण त्यांना कडा दिसल्या. त्यांनी हळूच विचारले, कोणी कापली. मग म्हणाल्या की आमच्याकडे न कापता वही उघडी ठेवून फोटो घेतात, आणि एकच वस्तू दोन्ही संग्रहांत नोंदता येते. फक्त विचारायचे होते. सारंगचा चेहरा उतरला. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

त्याने देणगीच्या कागदावर सहीसाठी पेन पुढे केले. अरुणाबाईंनी ते घेतले नाही. "पुस्तकावर माझं एकटीचं नाव आहे, आणि खाली ग्रामीण कवयित्री लिहिलंयस. मी शिक्षिका आहे. त्या पोरांशिवाय यातली एक कविता उभी राहत नाही. त्यांची नावं आल्याशिवाय मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सारंग सेरंगूनला धावला. व्यर्थ. या शहरात कचरा साठून राहत नाही. इकडे डबा भरला की तिकडे भट्टीत जातो. तीन आठवड्यांपूर्वीचा अर्धा इंच कोण ठेवणार?

आता दर शनिवारी मायलेक मला घेऊन एमआरटीच्या रेल्वेने विद्यापीठात जातात. मिस लिम टेबलावर माझी दोन-दोन पाने शेजारी मांडतात. अरुणाबाई पाठ वाचतात, कविता वाचतात, डोळे मिटून बसतात आणि सांगतात. सारंग लिहितो. त्याचे मराठी अक्षर चौथीनंतर वाढलेले नाही. भिकू, तिसरी. हौसा, पहिली, 'मका हसतो' म्हणाली. यशोदा. दगडू. अशी सदतीस नावे झाली. ती माझ्याबरोबर राहतील, दोन्ही संग्रहांत.

गेल्या शनिवारी विहिरीची कविता निघाली. अरुणाबाईंनी ती दोनदा वाचली.

"एक मुलगी होती. दाराशी बसायची, कडेवर भावाला घेऊन. शेवटचं कडवं तिचंच आहे सगळं. चेहरा दिसतोय मला."

सारंग पेन धरून थांबला. "नाव, आई?"

"नाही येत रे."

त्याने ती जागा कोरी सोडली. मग मान खाली घालून तो रडला, आणि अरुणाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आई आहे ती, तिला ठेवावा लागतो. मी वही आहे, मला सक्ती नाही.

ते नाव माझ्याकडे होते. पेन्सिलीने लिहिलेले, स्पष्ट. वाळवी, ओल, विमानप्रवास, बारा वर्षांचा अंधार, सगळ्यांतून मी ते जपून आणले होते. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वही असेल तर तिचा सन्मान, सत्कार, प्रकाशन काही करू नका. आधी ती उघडून, जिने लिहिली तिच्या हातात द्या आणि शेजारी बसा. नावे अजून तिला आठवताहेत, तोवर बसा.