हकीमसाहेबांची निळी गाडी

"उद्यापासून बाबांची गाडी धुवायची नाही," जिन्याखाली उभी राहून जुमाना हळूच म्हणाली.

खलफचा फडकं पिळणारा हात थांबला. "माझं काही चुकलं का, बाईसाहेब?"

"तुझं नाही रे. परवा चर्चपाशी बाबांनी गाडी फुटपाथवर चढवली. फुलवालीची मुलगी थोडक्यात वाचली. मी किल्ली मागितली, तर अन्न सोडून बसले. पण मळक्या गाडीत ते पाऊल ठेवणार नाहीत, तुला ठाऊक आहेच."

ठाऊक होतंच. डोंगरावरच्या त्या गावातल्या निम्म्या लोकांचे दात हकीम अनीस यांच्या हाताखालून गेले होते. आता दवाखाना बंद होता, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली उतरत आणि निळ्या प्यूजो गाडीतून चौकातल्या कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळायला जात. खलफ युद्धात सीरियातली फुरात नदीकाठची शेती सोडून लेबनॉनला आला आणि या इमारतीचा रखवालदार झाला. पहिल्याच हिवाळ्यात त्याची दाढ सुजली, तेव्हा हकीमसाहेबांनी त्याच्यासाठी बंद दवाखान्याचं कुलूप काढलं होतं.

एप्रिलमध्ये उतारावरची पाइनची झाडं पराग सोडू लागली, की सगळ्या गावावर पिवळं पीठ बसे. वाळत घातलेल्या चादरींवर, कॉफीच्या कपात, गाड्यांवर तर थरच्या थर. कोरडं पुसलं की रंगावर ओरखडे उठत. म्हणून खलफ आधी वरून हलकेच पाणी सोडी, मग मऊ फडकं फिरवी. नळाला एक दिवसाआड पाणी. त्यासाठी तो पिंप भरून ठेवी.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्या गाड्या धुतल्या. निळी तेवढी राहिली.

"काय रे खलफ, गाडी आजारी आहे की तू?" पायरीवरूनच हकीमसाहेबांनी विचारलं.

"पाणी नव्हतं, हकीमसाहेब."

शेजारच्या पांढऱ्या गाडीवरून पाणी ठिबकत होतं. हकीमसाहेब क्षणभर तो आवाज ऐकत राहिले. "बरं. उद्या बघू," म्हणाले आणि कठडा धरून वर गेले.

उद्याही तेच झालं. परवाही. कॉफीच्या दुकानातून त्यांची चौकशी करणारा निरोप आला.

"म्हाताऱ्याला कोंडायचंय तर त्याच्या लेकीनं कोंडावं," खलफची बायको नौफ चुलीपाशी करवादली. "तुझ्या हातून कशाला?"

"आणि पोर मेली असती म्हणजे?"

"मग ते त्याला सांग की! खोटं कशाला बोलतोस?"

दुसऱ्या दिवशी खलफ अंगणात आला, तर हकीमसाहेब त्याच्याआधीच उतरले होते. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात स्वयंपाकघरातलं फडकं. परागांचा चिखल झाला होता. शर्टाच्या बाह्या पिवळ्या झाल्या होत्या. ते गाडीचा एकच दिवा पुन्हा पुन्हा पुसत होते आणि शेजारचा दरवाजा तसाच बरबटलेला होता.

"राहू द्या, रंग जाईल!" खलफ धावला. त्याने बादली आणली आणि गाडी धुवायला घेतली. काच पुसताना, त्यांच्याकडे पाठ असतानाच तो म्हणाला, "पाणी होतं, हकीमसाहेब. मला धुवायला नको म्हणून सांगितलं होतं."

"जुमानानं ना? तुला खोटं बोलता येत नाही, गाढवा. पण का, ते नाही सांगितलं तिनं?"

"चर्चपाशी... ती फुलवालीची मुलगी."

"कसली मुलगी?"

खलफ वळला. हकीमसाहेबांचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं, कुंडी आहे," ते म्हणाले. दार उघडून ते बसले, पाय बाहेरच ठेवून. "लागलं का तिला?"

"नाही. आईनं ओढून घेतलं."

"केवढी आहे?"

खलफने कमरेपाशी हात धरून दाखवला. हकीमसाहेब त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"जुमानाला नेऊन दे. आणि सांग, मी दिली म्हणून. कुणी मागितली नाही."

"होय, हकीमसाहेब."

"ते मागचं चाक राहिलंय बघ."

पुढच्याच आठवड्यात झाहले शहरातला एक शिक्षक विकत घेतलेली गाडी न्यायला आला. खलफने पहाटेच ती धुऊन ठेवली होती. जुमानाने किल्ली दिली. गाडी फाटकाबाहेर पडून उताराला लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग डोळे टिपत आत गेली. हकीमसाहेब खाली आले नाहीत.

गाडी होती तिथे फरशीचा लांबट राखाडी चौकोन उघडा पडला होता. बाकी सगळं अंगण पिवळं.

खलफ झाडू घेऊन आला, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीचा शर्ट घातलेले हकीमसाहेब अंगणात उतरले.

"चौकापर्यंत सोडतोस का रे? आज चालतच जावं म्हणतो."

खलफने झाडू भिंतीला टेकवला आणि हात पुढे केला. कोपर धरून ते निघाले. फाटकाची वाट सरळ त्या चौकोनावरून जात होती. हकीमसाहेब त्याच्या काठाशी आले, थबकले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले.