शेपटाकडचं वजन

"बोटं काढ, अण्णा! काढ म्हनतो ना!" दादू खेकसला.

"काढली तर पडंल. मग माज्याच नावानं शंख करशील," गेनबा म्हणाला आणि त्यानं बोटं मुळीच हलवली नाहीत.

मार्गासनीच्या घराच्या ओसरीवर ते लाल-पिवळं विमान गेनबाच्या दोन बोटांवर तरंगत होतं. एक बोट या पंखाखाली, दुसरं त्या. लहान पोराला उताणं झोपवता येईल एवढे त्याचे पंख लांब. गेनबाचा धाकटा भाऊ दादू बोटीवर इंजिनाला तेलपाणी करायच्या नोकरीला होता आणि हे तयार विमान त्यानं जपानच्या कुठल्याशा बंदरात घेतलं होतं. हातातल्या पेटीच्या दांड्या हलवल्या की वर आभाळात ते कोलांट्या मारतं म्हणे. गावानं अजून एकही कोलांटी पाहिली नव्हती, पण कौतुक आधीच ओसंडून वाहत होतं.

तयार म्हटलं तरी थोडं काम उरलंच होतं. पंख बोल्टांनी आवळायचे, दांडी हलवली की शेपटाची फळी वरखाली होते का बघायचं आणि शेवटी तोल साधायचा. पंखांखाली खुणा होत्या. त्या खुणांवर बोटं टेकवून उचललं की विमान आडवं राहायला हवं. नाक किंचित खाली गेलं तर चालेल, शेपूट खाली जाता कामा नये. दादूच्या बोटांवर ते एका जागी राहीना. त्याच्या हाताला कंप होता आणि त्या कंपाला दारूचा वास होता.

गेनबा भोरच्या बाजारात तोलार होता. अर्धं आयुष्य तांदळाची पोती काट्यावर चढवण्यात गेलं. त्याच्या काट्यापुढं शेतकरी आणि व्यापारी दोघंही तोंड मिटत. घरात मात्र त्याचं कुणी ऐकत नसे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

त्यानं नाकाच्या पोकळीत शिशाचा एक तुकडा बसवायला सांगितलं, मग दुसरा. विमान आडवं झालं, नाक जरासं झुकलं.

"झालं. आता ह्याला कुनी हात लावू नका," गेनबा म्हणाला.

"तुज्या बापाचं हाय व्हय?" दादू हसला.

"बाप तुजाबी हुता. मेला तवा कुठं हुतास?"

हे वाक्य दोन दिवसांत चौथ्यांदा बोलून झालं होतं. दादू आला त्या दिवसापासून घरात सरळ शब्द म्हणून नव्हता. भांडणाचं मूळ विमान नव्हतंच. आतल्या खोलीत घोंगडीवर बसलेली त्यांची आई, साळूबाई, हे भांडणाचं मूळ होतं. दादूनं मुंबईला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि जाताना तो आईला कायमची घेऊन जाणार होता. तिनंही "बगू की" म्हणत म्हणत लुगडी बांधून ठेवली होती.

गेनबाच्या जिवाला हे लागलं होतं. आईच्या गुडघ्यांनी दावा मांडला तेव्हा त्यानंच तिला पाठुंगळी मारून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिचे दात पडल्यापासून त्याची बायको चंद्राबाई भाकरी दुधात कुस्करून देत होती. आणि म्हातारी ओसरीवर येऊन बसली की शेजारणींना सांगायची, "माजा दाद्या सायबावानी दिसतो." दुरून डोंगर साजरे! जवळच्या डोंगरावर रोज चढावं लागतं, म्हणून तो कुणाला आवडत नाही. गेनबाला आईचा राग येई आणि राग आला की ती आपल्याला सोडून जाईल अशी भीती वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणी झालेल्या खाचरात सगळं गाव लोटलं. रात्री पंख काढून विमान ओसरीवर ठेवलं होतं; ते पंख दादूनं पुन्हा आवळले. साळूबाईला खाटेवर बसवून बांधावर आणलं. ती पदराआडून दादूच्या अंगावरून लांबूनच बोटं ओवाळून कानशिलावर मोडत होती.

"येकदा तोलून बघ," गेनबा म्हणाला. "रातभर पडून हुतं. आमच्यात काटासुदीक सकाळी पुन्यांदा बघत्यात."

"रातीत काय गाभन ऱ्हायलं व्हय त्ये?" दादू मोठ्यानं म्हणाला. लोक फिदीफिदी हसले. साळूबाईही हसली. गेनबानं ते पाहिलं.

"तू नुसतं शेपूट धर. सोड म्हनलं की सोड."

इंजिन फटफटलं. इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा वास सुटला. गेनबानं गुडघे टेकून शेपटाखाली तळहात दिला आणि त्याला कळलं. ज्या हातानं पोतं उचलताच किती भरेल ते सांगावं, त्या हाताला कळायला वेळ लागला नाही. काल हे शेपूट एवढं जड नव्हतं.

"दादू, शेपूट जड लागतंय."

"आं?"

"शेपूट जड झालंय म्हनतो!"

"तुजं त्वांड जड झालंय! जळतोस, दुसरं काय! सोड!"

गेनबा आणखी एकदा बोलू शकला असता. इंजिनाच्या आवाजावर ओरडू शकला असता, शेपूट धरून बसू शकला असता. पण बांधावर आई हसत होती आणि त्याच्या मनात स्वच्छ शब्दांत एक इच्छा उमटली. पडू दे. साऱ्या गावासमोर पडू दे, तिच्या डोळ्यांदेखत पडू दे. त्यानं हात काढून घेतला.

विमान धावलं आणि उचललं गेलं. लोकांनी "आरं, आरं" केलं. पण उचललं ते सरळ गेलंच नाही. नाक वर झालं आणि वरच होत गेलं. दादू दांड्या पुढं रेटत होता, तरी नाक खाली येईना. ते आभाळाला टेकू दिल्यासारखं क्षणभर उभं राहिलं, पाठीवर उलटं झालं आणि बांधाच्या दगडांवर येऊन आपटलं. बाया किंचाळल्या, पण लागलं कुणालाच नाही.

सगळ्यांत आधी गेनबाच पोचला. विमानाचं पोट उकलून दोन फाके झाले होते. शेपटाच्या पार टोकाला, जिथं बारकासा हात कोपरापर्यंत गेला तरच पोचेल, तिथं एक काळी पुरचुंडी कोंबलेली होती. तिच्यात बिब्बा, खडेमीठ आणि घोड्याच्या नालेचा अर्धा तुकडा होता. नवं काहीही घरात आलं की दृष्टीला अशी पुरचुंडी बांधायची रीतच होती. गेनबाच्या सायकलीला बांधली होती, गाभण म्हशीच्या गळ्यात बांधली होती. गाठ कुणाची ते विचारायला नको होतं. दोन वेढे आणि वर आडवा फास, अशी गाठ घरात एकटी साळूबाई मारायची. रात्री पंख काढलेले असताना पोटाची झापड उघडी होती आणि म्हातारीचा हात काटकीएवढा.

नजर कुणाची लागेल म्हणून बांधली, तेही विचारायला नको होतं. दादूवर जळणारं माणूस त्या घरात एकच होतं.

"ह्यानंच क्येलं!" दादूनं येऊन गेनबाचा सदरा धरला. "रातीत कायतरी क्येलंस तू! काल तूच तोललंस, शेपूटबी तूच धरलंस! बोल!"

गेनबाची मूठ पुरचुंडीवर मिटलेली होती. ती उघडली असती तर दादूचं तोंड तिथल्या तिथं बंद झालं असतं. त्यानं बांधाकडं पाहिलं. साळूबाई खाटेवरून त्याच्या मुठीकडंच बघत होती. मग तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याचीच नजर. धाकट्याचं चांगलं त्याला कदी बगवलंच न्हाई. म्या आई हाय, मला न्हाई कळत व्हय?"

चंद्राबाई गर्दीतून पुढं आली. "अवं, बोला की कायतरी! त्या हातात काय हाय ते दावा सगळ्यास्नी!"

"काय न्हाई. ढेकूळ हाय," गेनबा म्हणाला. त्यानं दादूचा हात सदऱ्यावरून काढला, बांधापलीकडं जाऊन पुरचुंडी ओढ्यात टाकली आणि हात धुतले.

घरी आल्यावर चंद्राबाई त्याच्यावर उखडली. जन्मभर तिनं सासूचं केलं होतं, तिला बोलायचा हक्क होता. "येवडं ऐकून घ्येतलं! त्यांचीच पुरचुंडी नव्हं ती? मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? नालेचं वजन तिचं, पर ती खोटं कुठं बोलली? पडावं असं मलाच वाटलं हुतं. मनापासनं वाटलं हुतं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बायकोसमोर रडला.

शनिवारी वेल्ह्याहून पुण्याला जाणारी एसटी यायची होती. दादू पुढं निघून रस्त्यावर सिगरेट ओढत थांबला होता.  साळूबाईची ट्रंक गेनबानं आधी डोक्यावरून आणून ठेवली, मग म्हातारीला पाठुंगळी आणली; घोंगडी घेऊन चंद्राबाई मागून आली. चालताना तिचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता. एकदा त्याला वाटलं, ती काहीतरी बोलणार. तिनं नुसता पदर सावरला.

गाडी आली. त्यानं तिला उचलून आत खिडकीशी बसवलं, पाय नीट घेतले, पायांवर घोंगडी टाकली. मग खाली उतरून तो खिडकीखाली उभा राहिला.

"गेनबा," साळूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "गाडी हलंपतूर तिकडं त्वांड कर, बाबा. वाट लांबची हाय."

 गेनबानं पाठ फिरवली. समोर हॉटेलाची धुरानं काळी पडलेली भिंत होती, तिच्याकडं तोंड करून तो उभा राहिला. कंडक्टरनं दोरी ओढली, गाडीनं आचका दिला आणि आवाज नसरापूरच्या दिशेनं लांब लांब गेला.

"गेली गाडी," चंद्राबाई म्हणाली. "वळा आता."

"ऱ्हाऊ दे जरा," गेनबा म्हणाला. "वळनावरनं दिसती अजून."