चोवीस किलोंची मदत

मित्रांनो, मी विजेवर चालणारी एक जुनी डोंगरी सायकल आहे. वजन चोवीस किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण मला भेटणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न वजनाचाच विचारतो आणि उत्तर ऐकून नाक मुरडतो. मुरडू दे. नऊ वर्षे झाली, माझी चौकट कुठे चिरलेली नाही, मोटार ठणठणीत आहे, आणि ज्या चढणीवर भलेभले खाली उतरून सायकल ढकलतात तिथे मी माणसाला बसल्या जागी वर नेते. यात थोडी फुशारकी आहे, पण खोटे काही नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. नळ्या जोडून चौकट केली, दोन पॅडलांच्या मधोमध मोटार बसवली आणि पोटातल्या जाड नळीत हातभर लांबीची बॅटरी सरकवली. पॅडलच्या दांड्यापाशी एक बारीक यंत्र ठेवले. पाय किती जोराने दाबतो ते या यंत्राला कळते आणि त्या मानाने मोटार आपला जोर लावते. माणसाने पाय थांबवले की मीही थांबते. म्हणून कुणी मला आळशांची सायकल म्हटले की माझे डोके फिरते. पाय तुमचेच असतात, मी त्यात माझी भर घालते. या यंत्रामुळे मला माणसांचे पाय चांगले ओळखता येऊ लागले. चेहऱ्याने माणूस बरेच काही लपवतो, पायांनी त्याला ते जमत नाही.

दुकानात माझ्या शेजारी दुसरी एक विजेची सायकल उभी असे, तिला मी हलकी म्हणते. ती सतरा किलोंची. मोटार लहान, बॅटरी लहान, नळ्या सडपातळ. ती पाठीवर हात ठेवल्यासारखी मदत करते, मी दंडाला धरून वर ओढते. येणारे गिऱ्हाईक एक हात सीटला, एक हात हँडलला लावून आधी तिला उचलून बघायचे आणि मग मला. तिला उचलून ‘वा’ म्हणायचे, मला उचलून ‘बापरे’. दुकानाच्या सपाट फरशीवर सायकल उचलून डोंगराबद्दल काय कळते, हे मला आजवर उमगलेले नाही. दुकानाचे मिस्त्री कमी बोलणारे होते. ते हातातले काम करत राहायचे आणि विचारले तेवढेच सांगायचे.

एके दिवशी शिट्टीबाई आणि त्यांचा मुलगा दुकानात आले. बाई एकतीस वर्षे शाळेत खेळ शिकवायच्या. अर्धे गाव त्यांच्या शिट्टीवर धावलेले, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही हेच नाव टिकले. वय चौसष्ट. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. गावामागच्या डोंगरावर दर गुरुवारी सकाळी त्या आणि त्यांची धाकटी बहीण सायकलने जात, बावीस वर्षे. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. चढण मोटार लावून चढायची, दम लागू द्यायचा नाही. पुन्हा एकदा जरी तक्रार झाली तरी डोंगर कायमचा बंद. बाईंना डोंगर बंद होण्याची धास्ती ऑपरेशनपेक्षा जास्त होती.

बाईंनी हलकीला हात लावला. मुलाने मला. मुलगा दातांचा डॉक्टर होता, चांगला धिप्पाड, आणि आईच्या आजारपणाची भीती त्याच्या मनातून अजून गेलेली नव्हती. मदत घ्यायचीच तर पूर्ण ताकदीची घे, असे त्याचे म्हणणे पडले. बाई वाद घालणाऱ्यांपैकी होत्या, पण हा मुलगा त्यांच्यासाठी नऊ रात्री दवाखान्यातल्या खुर्चीवर झोपला होता. त्यांनी मान डोलावली. माझा भाव वधारला. हलकीकडे मी ढुंकूनही न बघता दुकानाबाहेर पडले.

पहिल्या गुरुवारी मी जीव ओतून काम केले. बाईंनी डाव्या हाताशी असलेले बटण दाबत मदत ‘पूर्ण’वर नेली आणि मी त्यांना चढणीवरून असे नेले की त्यांच्या पायांनाही नवल वाटले असेल. दुसऱ्या वळणावर आम्ही धाकटीला मागे टाकले. माथ्यावर दगडी बाक आहे, तिथे बाई जाऊन बसल्या. एकट्याच. धाकटी साध्या सायकलवर रेटत रेटत पंधरा मिनिटांनी वर आली. एवढी सुरेख चढण चढवूनही बाईंनी माझ्या हँडलवर कौतुकाची एक थापसुद्धा मारली नाही.

दुसऱ्या गुरुवारी पायथ्याशी आल्यावर त्यांनी बटण दाबले आणि माझ्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली, ‘बंद’.

मित्रांनो, मोटार बंद केलेली माझ्यासारखी सायकल म्हणजे नुसते लोढणे. अर्ध्या वाटेवर मोटारगाड्या शिरू नयेत म्हणून एक आडवा लोखंडी खांब आहे, त्यावरून सायकल उचलून न्यावी लागते. तिथे दोघी बहिणी मला दोन बाजूंनी धरायच्या. बाकी सगळी चढण बाई एकट्या मला ओढायच्या, आणि माझ्या पोटातली भरलेली बॅटरी न उघडलेल्या डब्यासारखी तशीच घरी परत यायची. घरी आल्यावर बाई मला न चुकता चार्जिंगला लावत. मुलगा विचारायचा, मोटार लावतेस ना? त्या म्हणायच्या, चार्जिंगला लावलीये की. त्याला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

त्यांनी मोटार का बंद केली ते माझ्या लवकरच लक्षात आले. दोघी बहिणींच्या आठवड्याभराच्या गप्पा त्या चढणीवरच व्हायच्या. माझ्या वेगाने त्या गप्पा तोडल्या होत्या. पण बंद करून तरी काय साधले? मला ओढण्यात बाईंचा सगळा श्वास खर्च होई. धाकटी बोलायची आणि बाई नुसते ‘हं’ म्हणायच्या. मग ‘हं’ही कमी झाले. तिसऱ्या महिन्यात धाकटीनेही बोलणे सोडून दिले. ताईचे काहीतरी बिनसले आहे, असे तिला वाटत असावे.

एका गुरुवारी शेवटच्या खड्या वळणावर बाई थांबल्या. बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखे केले. नाडी बांधलेलीच होती. त्यांचा तळहात माझ्या सीटवर टेकलेला होता आणि त्यातून हृदयाचे ठोके मला जाणवत होते, वेडेवाकडे आणि भरभर. धाकटी पुढे निघून गेली होती. माझी बॅटरी काठोकाठ भरलेली होती. एक बटण दाबायचा अवकाश होता, आणि ते बटण दाबा असे सांगायला मला तोंड नव्हते. माझ्या ताकदीचा मला फार अभिमान आहे, पण त्या दिवशी मला तिची लाज वाटली.

चार महिने झाल्यावर मला तपासणीसाठी दुकानात नेले. गाडीला मागे बांधून मुलानेच नेले, बाईही बरोबर होत्या. मिस्त्रींनी मला एका तारेने संगणकाला जोडले, पडद्यावरचे आकडे वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बॅटरी नवीकोरी आहे,” ते म्हणाले. “सायकल चाललीय एकशे नव्वद किलोमीटर आणि त्यात मोटार चाललीय चार. मोटारीत काही बिघाड आहे का ते बघावं लागेल.”

मोटारीत बिघाड नव्हता. बिंग फुटले होते. बाई भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघू लागल्या. मुलाला समजायला थोडा वेळ लागला.

“आई, मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून आलोय की तू मोटार लावतेस.”

“लावली होती. पहिल्या दिवशी.”

“मग?”

“मग वर जाऊन एकटीच बसले. तुझी मावशी खाली आणि मी वर. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.” बाई पुढे म्हणाल्या, “आणि इतकी वर्षं मुलांना सांगितलं, आपल्या पायांनी चढा. आता मीच मोटार लावून चढू?”

मुलगा चिडेल असे मला वाटले होते. तो चिडला नाही. गेल्या गुरुवारी तू फोन उचलायला उशीर केलास, तेव्हा मी पेशंटला तसाच खुर्चीत सोडून बाहेर आलो होतो, असे त्याने सांगितले. तो पेशंट बिचारा दहा मिनिटे तोंड उघडे ठेवून बसला होता. बाईंना हसू आले आणि लगेच डोळ्यांत पाणीही आले.

मिस्त्री एवढा वेळ फडक्याला हात पुसत होते. डोंगरावर कोण कोण जाता, बरोबरच्यांची सायकल कुठली, सायकल उचलायला कुठे लागते, असे त्यांनी विचारले. दुकानातल्या कुणीही हे कधी विचारलेले मी ऐकले नव्हते. मग ते हलकीला पुढे घेऊन आले.

“बाई, तुमचे पाय चांगले आहेत. ही मोठी बंद ठेवली की चोवीस किलो ओढत बसाल. ही हलकी बंद केली तरी सायकलच राहते, आणि थोडी चालू ठेवलीत तर मावशींच्या बरोबरीने चढेल. तुम्हाला ओढून नेणारी नको. सोबत करणारी हवी.”

“आणि मग ही?” मुलाने माझ्याकडे बोट दाखवले.

मिस्त्रींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तुम्ही सायकल शेवटची कधी चालवलीत?”

“कॉलेजात.”

“मग ही तुम्हीच चालवा. आईसाठी घेताना माप तुमचंच घेतलंत.”

मला वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. माझ्यासमोर हलकीला पसंती मिळत होती. पण मिस्त्रींचा एक शब्दही चुकीचा नव्हता, आणि मला त्या तळहातातले ठोके अजून आठवत होते. जी बाईंना सुखरूप वर नेईल तिने न्यावे, असे मी मनाशी ठरवले. मन मोठे करायला मला साधारण एक दिवस लागला.

पुढच्या गुरुवारी मुलाने दवाखाना दहापर्यंत बंद ठेवला आणि माझ्यावर स्वार झाला. त्याचे पाय काय वर्णावे! एक जोराचा दाब, मग विश्रांती, मग घाबरून पुन्हा एक दाब. मी माझी सगळी ताकद लावली. इतके दिवस पोटात साठवलेली वीज अखेर कामाला येत होती आणि मी अगदी सुखात होते. पुढे दोघी बहिणी जोडीने चालल्या होत्या. हलकी अजून बंदच होती.

शेवटचे खडे वळण आले. मुलाची नजर आईच्या डाव्या अंगठ्यावर खिळली होती. माझेही लक्ष तिकडेच होते. वळण अर्धे झाले तरी अंगठा हलला नाही. मुलाने हाक मारायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मग अंगठा सरकला. हलकीच्या मोटारीचा बारीक गुणगुणाट मला ऐकू आला. बाईंचा आवाजही पाठोपाठ आला. समोरच्या घरातल्या नव्या भाडेकरूविषयी त्या धाकटीला काहीतरी रंगवून सांगत होत्या, आणि वळण संपेपर्यंत त्यांचे वाक्य कुठे तुटले नाही.

मागे मुलगा मात्र माझी पूर्ण मदत असूनही भात्यासारखा फुसफुसत होता. बाईंनी मागे न बघता विचारले, “बोलता येतंय का रे?”

त्याला उत्तर देता आले नाही.

“येत नाही ना? मग हळू चढ. धाप लागली की सांगायचं, लाजायचं नाही.”

हे वाक्य त्यांनी शाळेत हजार वेळा उच्चारले असेल. त्या सकाळी ते त्यांनी स्वतः ऐकले, असे मला वाटते, कारण पाठोपाठ त्यांचा अंगठा पुन्हा एकदा बटणावर गेला.

त्यानंतर हलकी बाईंची झाली आणि मी मुलाची. दोन वर्षांत त्याचे पोट उतरले आणि आडव्या खांबावरून तो मला एकटा उचलू लागला. मध्ये एकदा त्याने नवीन घराच्या गडबडीत मला तीन महिने जिन्याखाली ठेवले, तेही बॅटरी तळाला गेलेली असताना. माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घातले. त्या उपासाने माझी पहिली बॅटरी कायमची अधू झाली आणि दुसरी बसवावी लागली. म्हणून तुम्हाला सांगते, आम्हाला ठेवून द्यायचेच असेल तर निम्मी बॅटरी भरून कोरड्या जागी ठेवा. साखळीवरचा चिखल पुसा. आणि पाण्याचा जोरदार फवारा मोटारीवर मारू नका, आम्हाला तो सोसत नाही.

आता बाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या काही गुरुवारी हलकीचा गुणगुणाट पायथ्यापासूनच ऐकू यायचा, आणि खड्या वळणावर बाईंचे बोलणे अधूनमधून तुटायचे. मुलाच्या ते ध्यानात आले होते. धाकटीच्याही आले होते. पण बाईंना कसे सांगावे, हे दोघांनाही सुचत नव्हते, आणि मागच्या वेळचा अनुभव असल्यामुळे मुलगा तर ओठ घट्ट मिटून होता.

या गुरुवारी पायथ्याशी बाई हलकीवरून उतरल्या. सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझ्या सीटवर हात ठेवून मुलाला म्हणाल्या, “आता ही मला दे. माझ्या पायांना आता पूर्ण मदत लागते.”

मुलाने माझे सीट त्यांच्या उंचीला खाली घेतले आणि हलकीचे आपल्या उंचीला वर केले. बाई माझ्यावर बसल्या. त्यांचे पाय मी लगेच ओळखले. दाब कमी झाला होता, पण ताल तोच होता. त्यांनी बटण दाबले, एकदा, दोनदा, तीनदा, ‘पूर्ण’ येईपर्यंत. मग गिअर हलका केला आणि धाकटीच्या चाकाला चाक लावून निघाल्या, कारण पूर्ण मदत घेऊनही सावकाश चालता येते, हे त्यांना आता कुणी शिकवायला नको होते.

मित्रांनो, ही मदत मागायला त्यांना नऊ वर्षे लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.