कोरडी वाटी

अठरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. वहीच्या पानावर मुलीच्या हातानं लिहून घेतलेलं होतं ते. मजकूर एका ओळीचा: "भाऊ, त्या दिवशी माझा हात चुकला का, एवढंच कळवा."

पत्र विस्तवमामांचं होतं. गवताळ माळावरच्या संशोधन केंद्रात ते ठरल्या दिवशी ठरलेला तुकडा जाळत, आणि मी हवेचे आकडे वहीत उतरवत असे. जाळायचं की नाही, हे माझ्या आकड्यावर ठरे.

गेल्या मंगळवारी केंद्रातली नवी संशोधक मुलगी आकड्यांची ती वही घेऊन घरी आली.

"काका, ही नोंद बघा. कोरडा थर्मामीटर एकतीस, ओला साडेतीस. म्हणजे हवा ओलीचिंब. पाऊस संपून दीड महिना झालेला. त्या दिवशी धुकं होतं का?"

"धुकं यांच्या डोक्यात असतं, बाई," बायको आतून म्हणाली. "बाहेर कुठलं?"

मी चष्मा पुसत बसलो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मी का विचारतेय सांगते," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी लावलेल्या आगीनंतर जाळणंच बंद केलं. अठरा वर्षं. झुडपं इतकी माजलीत की खाली गवताला ऊन मिळत नाही. हरणं तिकडे फिरकत नाहीत. उरलेल्या माळावर गवत साठतंय. पाऊसही आता धड नाही. एक वर्ष अतोनात, गवत डोक्याएवढं, पुढच्या वर्षी थेंब नाही. गेल्या उन्हाळ्यात ते आपोआप पेटलं, तेव्हा जाड सालीची म्हातारी झाडंसुद्धा गेली. साध्या आगीला ती दाद देत नाहीत, काका."

"माहीत आहे," मी म्हणालो. "गवत अर्धवट हिरवं असताना जाळलं, तर आग घोट्याएवढीच राहते. रोपट्यांचे शेंडे जळतात, गवत मुळापासून पुन्हा फुटतं. मामांनी शिकवलं मला."

"तेच मी समितीला सांगते. ते ही वही पुढं करतात. म्हणतात, हवा ओली असतानाही आग हाताबाहेर गेली, मग पद्धतच वाईट."

ओल्या थर्मामीटरच्या टोकाला कापड गुंडाळलेलं असतं आणि कापडाचं टोक पाण्याच्या वाटीत. हवा जितकी कोरडी असेल तितकं पाणी भराभर उडतं आणि पारा खाली जातो. वाटी सकाळी भरणं हे माझं पहिलं काम. ती कोरडी राहिली की कापड वाळतं, दोन्ही पारे जवळजवळ सारखे दिसतात, आणि कोरडी हवा वहीत ओली होते.

त्या सकाळी माझ्या पुस्तकाची आठ पानं उरली होती.

मामांनी मूठभर गवत चुरगाळून माझ्या कानाशी धरलं होतं. "भाऊ, करकरतंय हो. आज राहू द्यायचं का?"

"आकडा म्हणतोय ओल आहे."

"मग तुमचं खरं. पुस्तक वाचणारी माणसं तुम्ही."

दुपारी आगीनं जाळरेषा, म्हणजे तिला अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, ओलांडली आणि तुलनेसाठी तीस वर्षं मुद्दाम न जाळलेला तुकडा खाल्ला. माणूस कुणी दगावला नाही, एवढंच. संध्याकाळी मी वाटी पाहिली. तळाशी धूळ होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ती भरली. चौकशीत मला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा म्हणालो, "सगळं वहीत आहे." मामांना काढून टाकलं, निष्काळजी म्हणून.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. तिनं वही मिटली. आतली भांडी वाजायची थांबली.

"हे लिहून सही करून द्याल?" तिनं विचारलं.

"देतो. मामा आहेत का अजून?"

"आहेत. दिसत नाही आता. त्यांची मुलगी वाचून दाखवते."

सही केलेला कागद घेऊन ती गेल्यावर मी मामांना उत्तर लिहायला बसलो. चार पानं झाली. हवामान, माझी भीती, माझा स्वभाव. बायकोनं उभ्या उभ्याच वाचली.

"एवढी वर्षं एक शब्द नाही, आणि आता ग्रंथ? त्यांनी काय विचारलं होतं?"

"हात चुकला का."

"मग तेवढंच सांगा ना."

"तू रागावली नाहीस?"

"रागावलेय. आधी पत्र लिहा."

पानं फाडून मी नव्यानं लिहिलं. "मामा, तुमचा हात चुकला नाही. मी वाटीत पाणी घातलं नव्हतं आणि ते लपवलं. गवताचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. केंद्राला तसं लिहून दिलं आहे." थोडं थांबून खाली आणखी एक ओळ घातली: "ताई, हे घरातले सगळे जमल्यावर मोठ्यानं वाचावं."

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. काटा जेमतेम हलला.

"साधंच पाठवायचं?"

"पोचल्याची पावती मिळेल असं पाठवा," मी म्हणालो, आणि त्यांनी शिक्का मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.