तुकाबाईची जोडवी

म्हसूनं बायकोचा पाय धरून मांडीवर घेतला, तशी तुकाबाई दचकून मागं सरली. लग्नाला तीसेक वर्षं झाली असतील, पण नवऱ्याचा हात तिच्या पावलाला कधी लागला नव्हता. नवऱ्यानं बायकोचे पाय धरायचे? केवढं पाप!

"आवं, सोडा! नरकात जाईन मी!"

"जाशील तवा जा. आदी नखं तरी कापू दे."

गेल्या साली मेंढवाड्यापाशी घसरून तुकाबाईचा खुबा मोडला आणि तिचं वाकणंच संपलं. आंघोळ झाली की सारं अंग पुसता यायचं, पावलं तेवढी ओली राहायची. सुनेला पुसायला सांगायची लाज वाटायची. जोडव्यांखाली ओल धरली, नखं पिवळी, जाडजूड झाली, भुगा होऊन झडू लागली. तरी ही लुगड्याखाली पाय झाकून बसली. शहाणपणाच्या नावानं शंख! बोटं टम्म सुजली तेव्हा कुठं म्हसूनं तिला गाडीत घालून भरे गावाहून पौडच्या दवाखान्यात नेलं.

"नखांना बुरशी झालीय," डॉक्टर म्हणाले. "रोज घासून पातळ करा, औषध लावा, पाय कोरडे ठेवा. सालभर लागेल. आणि जोडवी आजच काढा. बोट सडलं तर कापावं लागेल."

काठी टेकत का होईना, पुन्हा माळावर मेंढरांत जायचं, एवढीच तुकाबाईची आस होती. पण जोडवी उतरतात ती नवरा मेल्यावर. सून सारजा तर ऐकूनच मागं सरली.

"मामंजी जित्तं असताना? मी न्हाई बाई हात लावायची!" आणि ती पाण्याला निघून गेली.

म्हणून आता म्हसूच साबण चोळत जोडवं फिरवत होता. ते सुटलं. त्यानं ते आपल्या मुंडाशात खोचलं आणि नख घासायला घेतलं. तुकाबाई डोळे फाडून त्याच्या तोंडाकडं बघत होती. जोडवं तर उतरलं, तो आता कोसळेल, नाहीतर मग कोसळेल. तेवढ्यात नखाचा भुगा नाकात जाऊन म्हसू शिंकला आणि ती किंचाळलीच.

"शिंकलो गं, मेलो न्हाई," तो म्हणाला आणि ऊन पाणी आणायला परसात गेला.

नेमकी तेव्हाच शेजारची रत्नाबाई विस्तव मागायला आली. तुकाबाईचे डोळे ओले, पायाचं बोट मोकळं. रत्नाबाईच्या हातातली खापरी खाली पडली.

"आगं माजे बाई! म्हसूभावजी गेलं गं!" तिनं छाती पिटत गळा काढला.

म्हसू पाण्याचं भांडं घेऊन आत आला. रत्नाबाईचा हंबरडा तोंडातच अडकला. आणि तिच्या देखत तो बसला आणि बायकोच्या दुसऱ्या पायासाठी हात पुढं केला.

"तुके," रत्नाबाई कशीबशी बोलली, "नवऱ्याच्या हातात पाय?"

दिवस मावळायच्या आत गावभर होणार, हे तुकाबाईला कळत होतं. तिचा हात लुगड्याच्या काठाकडं गेला. मग तिनं म्हसूकडं बघितलं. घामेजलेला, कुरकुरणारा, धडधाकट.

"रडतीस कशाला, रत्ने?" ती म्हणाली. "जित्तं हायेत धनी. माजी नखं कापत्यात."

आणि अजून जोडवं असलेला तो दुसरा पाय तिनं गुडघ्याखाली दोन्ही हात घालून उचलला आणि आपणहून त्याच्या मांडीवर ठेवला.