रागिणीचा ट्रिगर

गजालाचे छर्रे दोन वर्षं डावीकडेच जात होते. अमरावतीच्या नेमबाजीच्या रेंजवर उत्तमराव सर दर रविवारी तिचा निशाणाचा कागद उजेडात धरत आणि तेच म्हणत, "पोरी, बोट पोचून नाही राहिलं तुहं. ट्रिगर मांगं घे."

गजाला मान हलवायची, पिस्तूल पेटीत घालायची आणि अकोल्याची एसटी धरायची.

पिस्तूल मूळचं रागिणीचं. सहा वर्षं दोघी त्या रेंजवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. रागिणीच्या घरची शेवंतीची शेती. लहानपणापासून हार गुंफणारी तिची बोटं लांबसडक. लग्न होऊन सुरतला जाताना तिनं पिस्तूल गजालाच्या हातात ठेवलं होतं. "तूच चालव. मले आता कुठं जमते?"

ट्रिगर रागिणीच्या बोटाच्या मापानं पुढे बसवलेला. गजालाचं बोट आखूड, नुसतं टोक टेकायचं, आणि दाबताना नळी ढकलली जायची. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण ट्रिगर मागेपुढे करायचा स्क्रू फिरवला की रागिणी या पिस्तुलातून कायमची निघून जाईल, असं तिला वाटे.

शाळेत शिकवून आली की ती पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहून छर्रा न घालता सराव करी. नळी रिकामी आहे ना ते पाहायचं, नेम धरायचा, सावकाश दाबायचं. टक्. दर वेळी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी केसभर डावीकडे सरके.

"दीवार भी थक गई होगी," नवरा वकार म्हणे.

राज्य स्पर्धेला आठवडा उरला तेव्हा तिनं रागिणीला फोन लावला. पाच-सहा महिन्यांनी.

"अजून तसाच ठेवला?" रागिणी हसली. "कावून पण?"

"तुहा हाय म्हणून."

मग रागिणी म्हणाली, "गजू, माहं थे बोटच आता नाही. मांगच्या दिवाळीच्या आधी शिलाईच्या कारखान्यात मशीनमंदी गेलं. दोन पेरं. तुले सांगाची हिंमतच नाही झाली."

गजालाला रडू फुटलं.

"रडू नको. स्क्रू फिरवाची एलन की घे हातात," रागिणी म्हणाली. "फोन तिथंच ठेव. मी आइकून राहिली."

गजालानं डोळे पुसले, स्क्रू सैल केला, ट्रिगर मागे सरकवला, पुन्हा आवळला. ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून पाहिलं. तेवढ्यानं तो सुटला नाही, म्हणजे नियमात बसत होतं. मग ती भिंतीसमोर उभी राहिली. बोटाची मऊ गादी ट्रिगरवर सरळ टेकली. टक्. माशी जागची हलली नाही.

"अजून एकदा," फोनमधून आवाज आला.

टक्.

"अजून."

वीस वेळा झालं. एकविसाव्या वेळी पलीकडून काहीच आलं नाही, नुसता श्वास येत होता. गजालानं पिस्तूल खाली ठेवलं आणि फोन उचलून कानाशी धरला.

स्पर्धेत तिला सहाशेपैकी पाचशे एकसष्ट गुण पडले, आजवरचे सर्वांत जास्त. पुढच्या स्पर्धेसाठीची निवड दोन गुणांनी हुकली. बाहेर येऊन तिनं आधी रागिणीला कळवलं.

"हात थरथरला का?" रागिणीनं विचारलं.

"शेवटच्या दहा छर्ऱ्यांले."

"माहा बी तिथंच थरथरे," रागिणी म्हणाली. "यंदा दिवाळीत ये न सुरतले. पिस्तूल घेऊन ये. धरून तं पाहीन."