आठ दिवसांची अदलाबदल

गल्लीच्या तोंडाशी बहीण-भावाची लॉन्ड्री होती. इस्त्रीच्या टेबलाशी ताई उभी असायची आणि मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ कपड्यांवरचे डाग काढत बसायचा. ताई देवभोळी. सकाळी इस्त्री हातात घेण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. भावाला मात्र कुठलीही गोष्ट उलटसुलट करून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. अख्खी गल्ली त्याला शंकासुर म्हणायची आणि तोही त्या हाकेला बिनदिक्कत ओ द्यायचा.

एका सोमवारी बँडमास्तर धापा टाकत आले. पांढऱ्या कोटाच्या खिशात पेन फुटलं होतं आणि संध्याकाळी कार्यक्रम होता. शंकासुर दोन तास त्या डागाशी झटला. शेवटी कोट असा निघाला की खिसा कुठला होता तेही कळेना.

"देवाची कृपा!" ताई म्हणाली.

"स्पिरिटची," शंकासुर म्हणाला. "आणि माझ्या मनगटाची."

"तू ना, मानायचं नाही असं ठरवूनच बसला आहेस. हट्ट आहे नुसता."

"मी कधी ठरवलं? मला आतून वाटतच नाही, त्याला मी काय करू? तू तरी कुठे ठरवलंस?"

"मी मानते ते माझ्या मर्जीने."

"मर्जीने ना? मग मर्जीने आठ दिवस सोडून दाखव. मी मर्जीने आठ दिवस मानून दाखवतो."

"लाव पैज!" ताईने इस्त्री दाणकन टेकवली. पुढच्याच सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, हे भांडणाच्या भरात दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शंकासुराने काम मनापासून हाती घेतलं. रोज सकाळी लटकत्या कोटांच्या मागे स्टूल टाकून तो डोळे मिटून बसे. पहिल्या दिवशी त्याला फक्त ड्रायरची घरघर ऐकू आली. तिसऱ्या दिवशी इतका जोर लावला की कपाळ दुखायला लागलं.

"मास्तर, ओढूनताणून काही होतच नाही हो," आभार मानायला आलेल्या बँडमास्तरांना तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. "मी तीस वर्षं ट्रॉम्बोन आवडून घ्यायचा प्रयत्न करतोय. अजून जमलेलं नाही."

ताईने सकाळचं डोळे मिटणं बंद केलं. बोट भाजलं तेव्हा 'देवा' हा शब्द ओठांपर्यंत आला, तोही तिने गिळला. पण ती दिवसभर चिडचिड करू लागली आणि दोन शर्टांच्या कॉलर तिने उलट्या मोडल्या.

सोमवारी दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. अर्ध्या तासात होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दीड तास झाला तरी दार उघडेना.

"ताई, पैज गेली खड्ड्यात," शंकासुर हळूच म्हणाला. "तू कर प्रार्थना."

ताई चपलेकडे बघत राहिली. "मी पहिल्याच दिवशी हरले रे."

"म्हणजे?"

"पैज लावली आणि लगेच त्याला सांगून टाकलं, देवा, आठ दिवस मी तुला मानणार नाहीये. तेवढं मनाला लावून घेऊ नकोस."

शंकासुर एवढ्या मोठ्याने हसला की नर्सने खिडकीतून डोळे वटारले. मग त्याने हसू आवरलं.

"मीही हरलो," तो म्हणाला. "मघापासून मी विनवतोय, आईला सांभाळ म्हणून. अगदी मनापासून. आज कुणीतरी ऐकणारं असावं असं फार वाटलं गं. पण नाही वाटलं कुणी आहे असं."

ताईने त्याचा हात हातात घेतला. "म्हणजे तू हट्टी नाहीस," ती नवलाने म्हणाली.

"आणि तू बावळट नाहीस."

"बावळट कधी म्हणालास मला?"

"मनात."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली, तेवढ्यात दार उघडलं. भिंग बसवायला जरा त्रास झाला होता, पण सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघण्याची वाट बघताना दोघांनी आईला पैजेची हकीकत सांगितली. आई गालातल्या गालात हसत होती.

"आधी मलाच विचारायचं ना," ती म्हणाली. "चाळिशीपर्यंत मी काही मानत नव्हते. तुमच्या बाबांशी यावरून रोज वाजायचं. मग एक दिवस कपडे वाळत घालताना लक्षात आलं, आपण कुणाशीतरी बोलतोय. कधी सुरू झालं, कोण जाणे. ठरवून केलं असतं तर तारीख तरी लक्षात राहिली असती."

"मग मलाही कधीतरी वाटेल?" शंकासुराने विचारलं.

"वाटेल, नाहीतर नाही वाटणार. त्यात रात्रंदिवस घोकण्यासारखं काही नाही. जेवत जा वेळेवर."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. आईने डोळ्याची उघडझाप केली, मग लेकीकडे निरखून पाहिलं. "अगंबाई, तुझे केस केवढे पिकले! आणि तू रे, ही काय दाढी?"

घरी जाताना ती दोघांच्या मधून चालली. वाटेतली एकेक पाटी ती मोठ्याने वाचत होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि दोघांपैकी एकालाही मध्ये शब्द घालायला जागा मिळाली नाही.